शुभा ग्लेंडॅम्बोच्या पुढे कुठे आहे? (‘वाईचे घर’ या कौटुंबिक गटावरील चर्चा)

दादा, सकाळी ११.०४
सर्वांना नमस्कार. शुभाचा शेवटचा निरोप काल सकाळी ८.१० वाजता, म्हणजे तिथल्या दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, ऑस्ट्रेलियातल्या ग्लेंडॅम्बो या गावाहून आला होता. तिथून पुढचे गाव कूबर पीडी सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि कितीही सावकाश गाडी चालवली तरी चार तासांत ती पोहोचायला हवी होती. आता सत्तावीस तास होत आले आहेत. मी तीन वेळा फोन लावला, तो लागत नाही. कोणाला काही कळले असल्यास कृपया येथे लिहावे, आणि सुप्रभाताची चित्रे आजच्या दिवस तरी पाठवू नयेत.

माई, ११.०९
ती निघाली त्या दिवसापासून माझा प्रश्न एकच आहे. एकसष्ट वर्षांच्या बाईने ॲडलेडपासून डार्विनपर्यंत तीन हजार किलोमीटर राहायची सोय असलेली गाडी स्वतः हाकत जायचे ठरवले, ते ठीक. पण सोबत कोणी का नाही?

विनय, ११.१२
मामा, ग्लेंडॅम्बोच्या पाटीचा फोटो मावशीने टाकला होता, तो आठवतो का? त्यावर मेंढ्या २२,५००, माश्या अंदाजे २० लाख आणि माणसे ३० असे लिहिले आहे. अशा गावातून कोणी हरवले, तर पहिल्या हजेरीलाच लक्षात येईल.

सुनंदावहिनी, ११.१३
विनय, हे रात्रभर झोपलेले नाहीत. थट्टा संध्याकाळी करावीस.

प्रकाश, ११.२०
मी स्वतः लडाखला मोटारसायकलवर जाऊन आलो असल्यामुळे अनुभवाने सांगतो की, ओसाड प्रदेशात खरा धोका एकटेपणाचा नसून वेळेचा असतो. तिथे पहाटे आणि दिवेलागणीला कांगारू रस्त्यावर येतात. गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या तर अशा भागात अंधार पडल्यावर गाडी चालवू नये, अशी अटच घालतात. सध्या तिथे हिवाळा आहे आणि सहाच्या आत सूर्य मावळतो. शुभा अंधारात निघाली नसेल ना, एवढेच पाहायला हवे.

माई, ११.२२
प्रकाश, तुझ्या लडाखला तुम्ही सहाजण होतात आणि मागून सामानाची जीप येत होती. म्हणूनच विचारते, सोबत कोणी का नाही?

दादा, ११.३१
ज्या स्टुअर्टच्या नावाने शुभाच्या वाटेवरचा हा हायवे आहे, त्या जॉन मॅकडूअल स्टुअर्टने १८६२ साली दक्षिणेकडून उत्तरेच्या समुद्रापर्यंत जाऊन दाखवले. परतीच्या वाटेवर मात्र त्याची दृष्टी जवळजवळ गेली आणि त्याला दोन घोड्यांच्या मध्ये बांधलेल्या डोलीतून आणावे लागले. आज तो रस्ता पूर्ण डांबरी आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु डांबर म्हणजे पाणी नव्हे. ग्लेंडॅम्बो सोडल्यावर कूबर पीडीपर्यंत ना डिझेल मिळते, ना चहा, आणि मोबाइलला रेंजही बहुतेक वाटेवर नसते. त्यातच बराचसा रस्ता वूमेराच्या संरक्षण खात्याच्या क्षेत्रातून जातो, त्यामुळे परवान्याशिवाय हायवे सोडून आत वळता येत नाही. हे सगळे मी शुभाला नकाशासह पाठवले होते. तिने उत्तर म्हणून फक्त अंगठ्याचे चित्र पाठवले.

माई, ११.३३
स्टुअर्टदेखील एकटा गेला नव्हता.

विनय, ११.३४
आई, आजचा सर्वोत्तम मुद्दा तुझा. तरी माहितीसाठी सांगतो, त्या रस्त्यावरच्या रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात, म्हणजे आपल्या चार-साडेचार एसटी एकामागे एक जोडल्यासारख्या. मावशी तितकीशी एकटी नसते.

केतकी, ११.५२
मेलबर्नहून सर्वांना नमस्कार. मी कामावर होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. दादामामा, आईने निघण्यापूर्वी माझ्याशी ठरवले होते की, समोरून वारा असेल किंवा थकवा आला, तर ती वाटेतल्या विश्रांतीच्या जागेवर मुक्काम करील आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे तुमच्या दुपारी दोनपर्यंत, मला कळवील. त्या वेळेपर्यंत निरोप आला नाही, तर मी पोलिसांना फोन करणार आहे. तिच्याजवळ उपग्रहाला संकट-संदेश पाठवणारे बीकन आहे, ज्याची नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे केलेली असून संपर्कासाठी माझा नंबर दिलेला आहे. तिने ते सुरू केले असते, तर पहिला फोन मला आला असता आणि तो आलेला नाही. गाडीच्या टाकीत शंभर लिटर पाणी आहे, शिवाय पिण्याचे कॅन वेगळे आहेत. गाडी बंद पडली तरी ती सोडून चालत निघायचे नाही, कारण विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही, हे आईनेच मला शिकवले आहे.

माई, ११.५८
म्हणजे तुला हे सर्व माहीत होते आणि इथे तुझा मामा सकाळपासून पाणीसुद्धा न घेता बसला आहे. आम्हाला सांगण्याइतके आम्ही जवळचे नाही, असा याचा अर्थ घ्यावा काय?

केतकी, १२.०१
माईमावशी, तसे मुळीच नाही. या गटावर सांगितले असते, तर त्यावर बैठक झाली असती आणि आई निघालीच नसती, एवढेच.

माई, १२.०६
बैठका आम्ही घेतो, हे खरे आहे. वाईच्या घराची कौले तीन पावसाळे गळत आहेत, त्यासाठीही घेतली होती. तेव्हा शुभाने ‘सध्या हात आखडता आहे’ असे लिहिले होते. चाकांवरच्या घरासाठी मात्र हात मोकळा झाला. असो, मी काही बोलत नाही.

सुनंदावहिनी, १२.०८
माई, कौलांचा विषय आपण गौरी-गणपतीत समोरासमोर बसून बोलू या. आता शुभाताईंचे पाहू.

केतकी, १२.१२
गाडी आईने स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांतून घेतली आहे आणि तीही जुनी. ‘सोबत कोणी का नाही’ याचेही उत्तर देते. बाबांना नेऊन पाहिले होते. फ्लिंडर्स पर्वतरांगांपर्यंतच्या पाच दिवसांत ते शेजारच्या सीटवर बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होते आणि प्रत्येक वळणाआधी ‘सांभाळ’ म्हणत होते. परत आल्यावर दोघांनीही एकमताने ठरवले की, त्यांनी बागेला पाणी घालावे आणि आईने फिरून यावे.

विनय, १२.१४
काकांचा हा निर्णय मला परमार्थाच्या पातळीवरचा वाटतो.

प्रकाश, १२.३०
अंधारात गाडी चालवू नये, हा माझा मुद्दा कोणीही विचारात घेतलेला दिसत नाही, म्हणून तो पुन्हा मांडतो. कांगारूंबरोबरच मेलेल्या जनावरावर बसलेले मोठे गरुडही धोक्याचे असतात. ते जड असल्यामुळे चटकन उडत नाहीत आणि थेट काचेवर येतात.

दादा, १२.३१
प्रकाश, धन्यवाद. हे कळले नसते, तरी चालले असते.

माई, १.०५
एक वाजून गेला आहे. सोबत कोणी असते, तर निदान त्याचा फोन लागला असता.

शुभा, १.२२
सगळ्यांची मनापासून क्षमा मागते. मी कूबर पीडीत सुखरूप आहे. काल ग्लेंडॅम्बो सोडल्यावर समोरून असा वारा सुटला की, गाडी नव्वदच्या पुढे जाईना आणि डिझेलचा काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला, म्हणून साडेतीनलाच विश्रांतीच्या जागेवर थांबले. तिथून दादाला लिहिलेला निरोप रेंजअभावी गेलाच नाही, हे आत्ता फोन हातात घेतल्यावर कळले. आज दुपारी एक वाजता इथे पोहोचले, पहिल्यांदा नाण्याच्या यंत्रावर टाकीत पाणी भरले, फोन गाडीत चार्जिंगला लावला आणि जमिनीखालचे सर्बियन चर्च पाहायला गेले. खालची हवा इतकी गार आणि शांत होती की, वर तुम्ही सगळे जागे असाल, हे ध्यानातच राहिले नाही. चूक माझीच आहे. यापुढे पोहोचताक्षणी आधी निरोप, मग पाणी.

प्रकाश, अंधारात मी एक किलोमीटरही गाडी चालवलेली नाही. माई, दिवसभर मी गप्प असते असा समज करून घेऊ नकोस. गाडीत वायरलेस आहे आणि त्याच्या चाळीस नंबरच्या चॅनेलवर मागून येणारा रोड ट्रेनचा ड्रायव्हर मला सांगतो की तो बाजू काढून पुढे जाणार आहे. मग मी वेग थोडा कमी करते, तो पुढे गेला की आभार मानतो आणि पुढच्या ट्रकवाल्याला माझ्याबद्दल सांगूनही ठेवतो. काल रात्री शेजारच्या गाडीतल्या सत्तर वर्षांच्या बाईंनी मला सूप दिले आणि मी त्यांना मुगाची खिचडी दिली. त्याही एकट्याच आहेत.

दादा, १.२६
वाचून जीव भांड्यात पडला. आता उद्या कुठे, किती किलोमीटर आणि वाटेत डिझेल कुठे मिळणार, हे आज झोपण्यापूर्वी येथे लिहावेस. अंगठा चालणार नाही.

शुभा, १.३१
उद्या मार्ला, साधारण २३५ किलोमीटर, तिथे रोडहाउस आहे आणि डिझेलही आहे. एक दिवस जास्त लागला तर घाबरू नका. ओपल या रत्नाच्या खाणींच्या उघड्या खड्ड्यांमुळे इथे फोटो काढताना मागे पावले टाकू नका, अशी ताकीद देणारी पाटी आहे. मी पुढेच पाहून चालते आहे.

विनय, १.३३
मावशी, येताना एक ओपल आण, कौलांचा प्रश्न सुटेल.

माई, १.४०
विनय, तुझी मते तुझ्यापाशी ठेव. शुभा, सुखरूप आहेस, हे बरे झाले. आता एकच विचारते. गाडीत शौचालय आहे, असे तू म्हणाली होतीस. त्याची टाकी कोण रिकामी करते, हे आजवर कोणीही सांगितलेले नाही.

शुभा, १.४४
बऱ्याच गावांत त्यासाठी ठरलेली जागा असते, तिथे सध्या मीच करते, माई. सोबत कोणी आले, तर पाळी लावता येईल.