मदत हवी आहे: किडनीचा काउंटरकरंट (शेजारशेजारच्या नळ्यांतले उलट दिशेचे प्रवाह) कोणी समजावेल का?

नमस्कार मंडळी, मी पेडण्याची, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला. हृदय, स्नायू कसेबसे पार पडले, पण किडनीपाशी गाडी अडलीय. रोज 180 लिटर गाळलं जातं आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर, इथवर ठीक. पुढे हेन्लेचा लूप (किडनीतल्या बारीक नळीचं U आकाराचं वळण)! उतरत्या भागातून पाणी बाहेर जातं, चढत्या जाड भागातून मीठ जातं पण पाणी नाही, हे पाठ आहे. पण मेडुलात (किडनीच्या आतल्या भागात) खोलवर 1200 मिलीऑस्मोलपर्यंत (विरघळलेल्या कणांचं प्रमाण मोजायचं एकक) खारटपणा मुळात साठतो कसा? सुरुवातीला सगळीकडे 300च ना? आणि वासा रेक्टातलं (तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतलं) रक्त तो धुऊन का नेत नाही? बाण काढून-खोडून वहीच्या त्या पानाला भोक पडलंय. सरांना विचारलं तर म्हणाले, 'आकृती पाठ कर.' (केली. उपयोग शून्य.)

कोणी पायरीपायरीने, आकडे घालून सांगेल का? युरियाचं नंतर सांगितलं तरी चालेल. म्हापसा-पणजीकडे कोणी तासभर बसवून शिकवणार असेल तर रविवारी बसने येईन. व्हिडिओ नकोत, पावसात आमच्याकडे रेंज नसते. तोंडी परीक्षा पुढच्या सोमवारी आहे.