प्रकल्पाची ठरलेली मापे एआयकडून कशी पाळून घ्यावीत?

प्रश्न: आमच्या रुग्णालयाच्या आराखड्यात मार्गिकेची किमान रुंदी २४०० मिमी ठरली आहे, कारण दोन खाटा समोरासमोरून जाव्या लागतात. सूचनेत हे स्पष्ट लिहूनही एआय तिसऱ्या मजल्यावर १८०० मिमीवर येते. हे कसे रोखावे?

उत्तर १: लांब संवादात आधीच्या सूचनेचा प्रभाव ओसरतो आणि एआय सर्वसाधारण मापांकडे झुकते. म्हणून खोलीचा प्रकार, किमान माप आणि ते कुठून कुठपर्यंत मोजायचे, असा तक्ता करून तो प्रत्येक मजल्यासाठी नव्याने द्यावा. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. ९०० मिमीचे दार म्हणजे चौकटीची बाहेरची रुंदी की दार उघडल्यावरची मोकळी रुंदी, हे न लिहिल्यास चाकाची खुर्ची नेमकी तिथेच अडते.

उत्तर २: सहमत आहे, मात्र तपासणी त्याच एआयवर सोपवू नये. बीआयएम मॉडेलमधील, म्हणजे इमारतीच्या तपशीलवार संगणकीय प्रतिकृतीतील, मापे साध्या स्क्रिप्टने (छोट्या संगणक प्रोग्रामने) तक्त्याशी ताडून पाहावीत आणि चुकलेली मार्गिका तेवढीच एआयकडून पुन्हा आखून घ्यावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमचे २४०० मिमी भिंतीपासून की कठड्यापासून, हेच आम्ही लिहिले नव्हते. आधी ते दुरुस्त करतो.