मदत हवी आहे: विंडसर्फिंग बोर्डाचा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग पुन्हा खरखरीत कसा करू?

मंडळी, मी जळगावचा. वाघूर धरणावर चालवायला जुना विंडसर्फिंग बोर्ड (शीड लावून वाऱ्यावर चालणारी फळी) घेतलाय. आत थर्माकोल, वर फायबर आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन). पायपट्ट्यांच्या मधे, जिथे अनवाणी पाय रोवायचे, नेमकं तिथलंच खरखरीत आवरण झिजलंय. ओला तळवा ठेवला की सरळ सरकतो. जागा साधारण दीड हात लांब, दोन वीत रुंद. तडे नाहीत, दाबून पाहिलं तर टणक आहे, पाणीही आत जात नाही.

आधी तापीची वाळू चाळून ऑइलपेंटवर भुरभुरवली. दोन फेऱ्यांत पापुद्रे निघाले आणि गुडघे सोलले ते वेगळंच. मग रबरी मॅट चिकटवली, तर उन्हात गोंद मऊ होऊन कडा उचलल्या. इथे पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्यांकडे पॉलिएस्टर रेझिन सहज मिळतं, पण ते चुकून आत झिरपलं तर थर्माकोल विरघळेल, म्हणून नको.

आता साखरेची पद्धत करायची आहे: पॉलिश पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, रेझिनचा किंवा पेंटचा पातळ थर द्यायचा, ओला असतानाच साखर पेरायची आणि सुकल्यावर कोमट पाण्याने धुऊन टाकायची, म्हणजे दाण्यांच्या जागी खळगे राहून खरखरीतपणा येतो. वजन फार वाढायला नको, शिवाय पायाला बोचायलाही नको.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगा: साखर इपॉक्सीच्या थरावर पेरू, की दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) पेंटवर? दाणा बारीक घेऊ की जाड? आणि आपल्याकडच्या ४४ अंशांत थर लगेच धरतो, तर हे काम पहाटे उरकावं की थेट पावसाळ्यानंतरच करावं?