तलावावर बदकं आणि कावळे मरताहेत, कोणाला कळवू?

बोडीकाठ (साकोली तालुका, भंडारा)
राम राम मंडळी. चार हिवाळे झाले, आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर दर रविवारी सकाळी पाळीवर बसून पक्षी मोजतो आणि वहीत लिहितो. परवाच्या रविवारी तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाजवळ, एक तलवार बदक पाण्यात गोल गोल फिरत होतं. मान पाठीवर उलटी पडलेली. उडायला पंख मारले की एका अंगावर कलंडायचं. तासाभरात संपलं. बेशरमाच्या झुडपात आणखी दोन मेलेली सापडली, आणि पाळीवरच्या मोहाखाली तीन कावळे.

कालवाकालव झाली ती पुढच्या गोष्टीनं. एक पोट्टा त्यातलं एक बदक पायाला धरून घरी घेऊन चालला होता, संध्याकाळच्या भाजीला. मागं धावून मी ते सोडवून घेतलं, त्याच्या मायला सांगून त्याचे हात साबणानं धुवायला लावले. बदक घमेल्याखाली झाकून ठेवलं. तेव्हा लक्षात आलं, मीही उघड्या हातानंच उचललं होतं.

एका कार्यालयात फोन केला तर म्हणाले, जंगली पक्ष्यांचं काम आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, रोगाचं असेल तर जनावरांच्या डॉक्टरला सांगा. नेमकं कोण येतं? तोवर मी काय करू? तलावाखालच्या बांध्यांत अर्ध्या गावाची उन्हाळी धानाची रोवणी चालू आहे, लोक त्याच पाण्यात उभे आहेत.

जुना पशुधन पर्यवेक्षक
भाऊ, आधी तुमचं आणि त्या पोराचं. दहा दिवस ताप, खोकला, लाल डोळे यांच्यावर लक्ष ठेवा. काही वाटलंच तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या गेल्या सांगा की मेलेला पक्षी हाताळला होता. हे न सांगितल्यास डॉक्टर साधा सर्दीताप समजून गोळ्या देतील.

मान वाकडी होणं, गोल फिरणं हे बर्ड फ्लूत दिसतं, पण राणीखेत या कोंबड्यांच्या रोगातही दिसतं. बांधीत फवारलेल्या औषधाच्या विषबाधेतही पक्षी असेच तडफडतात. नुसतं पाहून कोणीच सांगू शकत नाही. ताजा मेलेला पक्षी न फाडता, दोन पिशव्यांत बांधून बर्फात ठेवावा लागतो. फॉर्मालिनमध्ये टाकला तर विषाणू शोधायला तो कामाचा राहत नाही. नमुना पुण्याच्या विभागीय प्रयोगशाळेतून जातो आणि शेवटचा शब्द भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा.

पशुसंवर्धनचा 1962 आणि वनविभागाचा 1926, दोन्ही लावा, वेळ लिहून ठेवा. शिवाय ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकाला द्या. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा 2009 चा कायदा आहे, त्यात गावातून लेखी कळवायची तरतूद आहे. कागद हातात पडला की कोणी टाळत नाही.

पाणपक्षी गोंदिया
कावळ्यांची नोंद बदकांइतकीच जपा. बरीच रानबदकं बर्ड फ्लूचा विषाणू पोटात बाळगूनही ठणठणीत फिरतात, विष्ठेतून पाण्यात सोडत राहतात, आणि थंड पाण्यात तो बरेच दिवस तगतो. कावळा मेलेलं खातो, म्हणून त्याच्यात लवकर उघडं पडतं. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळ्यांवरूनच कळलं. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, तेही एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूनंच. 2020-21 च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग धरणावर हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब हे रानहंस सगळ्यांत जास्त. तेच पट्टकादंब आपल्याकडेही उतरतात.

रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून मोजा. जात, जिवंत, आजारी, मेलेले, जागा. काही मेलेलं नसेल त्या दिवशी शून्य लिहा. कोरी जागा ठेवली तर पुढं कळत नाही की मेले नव्हते की तुम्ही गेला नव्हता.

गावरान कोंबडी, लाखनी
दादा, एक विनंती. अहवाल येईस्तोवर गावाचं नाव व्हॉट्सॲपवर टाकू नका. माझ्या साठ कोंबड्या आहेत. 2021 मध्ये परभणीची बातमी आली आणि आमच्या बाजारात कोंबडीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. नीट शिजवलेल्या कोंबडीतून होत नाही, 70 अंशाला विषाणू मरतो, हे कितीदा सांगितलं, ऐकतं कोण? मी कालपासून कोंबड्या खुराड्यातच ठेवल्यात. तलावावर जायच्या चपला वेगळ्या, खुराड्यातल्या वेगळ्या. तुमच्या गावातल्या बायांनाही एवढं सांगा.

आणि पक्ष्यांना हाकलायला कोणी फटाके फोडू देऊ नका. आजारी पक्षी उडून दुसऱ्या बोडीवर बसतील.

बोडीकाठ (साकोली तालुका, भंडारा)
सगळ्यांचे आभार. पत्र दिलं, दुपारी डॉक्टर आणि वनरक्षक दोघंही आले. मास्क, हातमोजे घालून दोन बदकं, दोन कावळे बर्फाच्या पेटीत नेले. बाकीचे खोल खड्डा करून चुना टाकून पुरले. त्या पोट्ट्याला ताप नाही, मलाही नाही. ढिवर भावांनी आठ दिवस जाळं टाकणार नाही म्हणून स्वतःहून सांगितलं. हे त्यांचं पोट आहे, तरी.

ताई, गावाचं नाव कुठं लिहिणार नाही.

आजची नोंद, सकाळी 6.40, पाळीवरून: तलवार बदक 186, वारकरी 40, चक्रवाक 9. कावळे 11. मेलेले 0. आजारी 1, तुडुमाजवळ.