जिममध्ये सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं, सुरुवात कशी करू?

फी भरली आहे, पण डंबेल्सच्या बाजूला जायचा धीर होत नाही. रोज ट्रेडमिलवरूनच परत. काय करावं?

उत्तर १
संकोच वाढतो तो 'आता पुढे काय?' या गोंधळामुळे. म्हणून व्यायाम घरीच कागदावर लिहून न्या. पहिले दोन आठवडे तीनच: गॉब्लेट स्क्वॉट (६ ते ८ किलोचं एकच डंबेल छातीशी धरून उठाबशा), लॅट पुलडाउन (बसून वरचा दांडा छातीकडे ओढणं), चेस्ट प्रेस मशीन (बसून हँडल पुढे ढकलणं). प्रत्येकी १० चे ३ सेट, मध्ये ९० सेकंद विश्रांती. चेस्ट प्रेसला आधी सीट लावा, हँडल छातीच्या मध्यावर यायला हवं. सीट खाली राहिली की हँडल खांद्याच्या वर जातं, खांदा दुखतो आणि आपलंच चुकतंय असं वाटत राहतं. शक्य असेल तर दुपारी जा, संध्याकाळची गर्दी टळते.

उत्तर २
मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. अवघडल्यासारखं वाटेल असा टी-शर्ट घातलेल्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला होता. म्हणजे आपल्याला वाटतं तितके लोक आपल्याकडे बघत नसतात.

उत्तर ३
मशीनवर दुसरं कुणी असेल तर सरळ विचारा, "किती सेट राहिलेत? मध्ये मी करू का?" बहुतेक जण हो म्हणतात. आणि एक, मोठा ऑलिंपिक बार (वजनं लावायचा लांब दांडा) रिकामाच २० किलोचा असतो, तेव्हा बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन तो बार छातीवरून वर ढकलणं) सोबत कुणी असल्याशिवाय नको. छाती धडधडली तर ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, पाच वेळा.