सिगरेट सुटली पण व्हेप चिकटलं, काय करू?

धूमकेतू_हिंजवडी:
मंडळी, वय ३८, आयटीत आहे. १५ वर्षं रोज १०-१२ सिगरेटी चालायच्या. गेल्या वर्षी मित्राने दुबईहून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगरेट, आणून दिलं, म्हणाला याने सुटेल. सिगरेट सुटली खरी पण आता हेच सुटत नाहीये. सिगरेटला निदान खाली टपरीवर जावं लागायचं, थोटूक विझवलं की विषय संपला. हे पांघरुणात चालतं, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून चालतं, रात्री २ ला बाथरूमला उठलो तरी दोन झुरके, दिवसाचे किती झाले मोजताच येत नाही. बायको धड बोलत नाही. केमिस्टकडून निकोटीनचं च्युइंगम आणलं, चहाबरोबर खातो कारण तलफ तेव्हाच येते, पण नुसत्या उचक्या आणि घशात जळजळ. कुणी सोडलंय का खरंच?

माजी_फुक्या:
चहाबरोबर खाताय तिथेच घोळ आहे भाऊ. मीपण महिनाभर हेच केलं आणि कंपनीला शिव्या घातल्या. त्यातलं निकोटीन गालाच्या आतून शोषलं जातं, चहा-कॉफी-कोल्डड्रिंकने तोंड आंबट झालं की ते होत नाही, सगळं थुंकीबरोबर पोटात जातं आणि मग उचकी. खायच्या आधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. आणि साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावू नका, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवा, चुरचुर गेली की परत चावा, अर्धा तास पुरतं. २ मिग्रॅ तसंच मिळतं, ४ ला चिठ्ठी लागते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात ओढावंच लागत असेल तर २ मध्ये भागणार नाही बहुतेक, डॉक्टरला विचारा.

शंकासुर:
चहाच अर्धा करा ना मग. सिगरेट सोडली की कॅफिन शरीरात जास्त वेळ राहतं, तेवढ्याच चहाने धडधड होते आणि आपल्याला वाटतं तलफ आली.

माजी_फुक्या:
@शंकासुर बरोबर आहे, पण ते धुरामुळे असतं, निकोटीनमुळे नाही. धुरातल्या घटकांमुळे लिव्हर कॅफिन भराभर संपवतं. यांचा धूर सुटून वर्ष झालं, यांना आता तो मुद्दा नाही.

कायद्याचं_बोला:
व्हेपवर २०१९ पासून बंदी आहे. आयात, विक्री सगळं आलं त्यात, पहिल्याच वेळी १ वर्षापर्यंत कैद नाहीतर १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यामुळे मित्राला सांगा बॅगेतून आणणं बंद कर. आणि चोरून आलेल्या मालावर ५ टक्के लिहिलंय म्हणून आत तेवढंच असेल हे कोण तपासणार? ५ टक्के म्हणजे १ मिलीत ५० मिग्रॅ निकोटीन, गंमत नाहीये.

साताऱ्याची_सून:
दादा, आमच्याकडे सासूबाई ह्यांना सिगरेटवरून झापायच्या आणि स्वतः सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून मिश्री करायच्या, अख्ख्या घराला ठसका. ह्यांनी सिगरेटच्या पाकिटावरच्या, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या १८००-११-२३५६ ला फोन केला, फुकट आहे. मला वाटलं लेक्चर देतील, पण सोडायची तारीख ठरवून घेतली आणि नंतर त्यांचेच फोन येत राहिले. सहा महिन्यांत एका लग्नात घसरले, परत तारीख ठरवली. आता दीड वर्ष झालं. सासूबाईंचं मात्र चालूच आहे, त्यांच्या मते ती तंबाखू नाही, दात घासायचं आहे 😄

धूमकेतू_हिंजवडी:
सगळ्यांना थँक्यू. काल चहाच्या आधी अर्धा तास गम गालात धरून बसलो, उचकी नाही आली, चहा तसाच प्यालो, जमलं कसंबसं. संध्याकाळी फोन पण लावला, पुढच्या सोमवारची तारीख दिलीये. तोवर व्हेप बायकोच्या कपाटात, कुलपाची किल्ली तिच्याकडे. चार्जर अजून माझ्या बॅगेत आहे, तो काही तिला सांगितला नाहीये.

साताऱ्याची_सून:
मग तो आज रात्रीच द्या.