वृत्तवाहिन्यांचा राजकीय कल: प्रश्न नेमका कुणाला विचारतात?

शरयू:
आमच्याकडे बाबांच्या जेवणाबरोबर रात्री नऊला बातम्या लागतात. परवा आवाज बंद करून मी अर्धा तास नुसती खालची पट्टी वाचली. जवळजवळ प्रत्येक ओळीला प्रश्नचिन्ह, आणि सगळे प्रश्न विरोधकांना. सरकारला एकही नाही. खोटी बातमी उघडी पडते तरी, न विचारलेला प्रश्न कुणाच्या लक्षातही येत नाही.

३१ ऑगस्ट २०२० आठवा. एप्रिल-जून तिमाहीत जीडीपी २३.९ टक्क्यांनी आकसल्याचा आकडा त्या दिवशी आला. कामं गेलेली माणसं घराघरांत बसून होती, आणि पडद्यावर त्या आठवड्यांत सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूवरून अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या गाडीमागे धावणारे कॅमेरे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या मीडिया ट्रायलवर ताशेरे ओढले, मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. त्या मुलीची नऊच्या बातम्यांत माफी मागितलेली मी तरी पाहिली नाही.

कृष्णाकाठ:
हे एकतर्फी आहे. महाराष्ट्रात पत्रकारितेला बाजू नव्हती असा काळ होता तरी कधी? 'केसरी'ने १८८१ पासून आपली बाजू कधी लपवली नाही, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. शिवाय रिमोट बाबांच्याच हातात असतो ना?

नोव्हेंबर २०२० मध्ये 'रिपब्लिक' वाहिनीच्या अर्णब गोस्वामींना २०१८च्या आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या प्रकरणात अटक झाली, तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं. आठवडाभरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये 'इंडिया' आघाडीने १४ निवेदकांवर बहिष्कार टाकला. यावर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही.

केबलवाले काका:
वीस वर्षं केबलचा धंदा केला, म्हणून रिमोटबद्दल बोलतो. बऱ्याच वृत्तवाहिन्या गिऱ्हाइकाला फुकट नाहीतर काही पैशांत पडतात. वर, ठिकठिकाणी दिसावं म्हणून वाहिनीच केबलवाल्या कंपन्यांना पैसे, म्हणजे कॅरेज फी, भरते. मग घर चालतं जाहिरातीवर, आणि सरकार हा मोठा जाहिरातदार. 'टीआरपीसाठी ओरडावं लागतं' हेही पुरतं खरं नाही. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ वृत्तवाहिन्यांचे टीआरपी आकडे बंदच होते. तेव्हा कुणी हळू बोलायला लागलं होतं का?

कृष्णाकाठ:
काका, जाहिराती राज्य सरकारंही देतात, आणि ती सगळी एका पक्षाची नाहीत. मग कल एकाच बाजूचा कसा?

केबलवाले काका:
एकाच बाजूचा म्हणतोय कोण? ज्याची सत्ता त्याच्याकडे. राज्यात सरकार बदललं की प्रादेशिक वाहिनीचा सूर बदललेला मी दोनदा पाहिलाय.

शरयू:
कृष्णाकाठ, 'केसरी'चं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सांगते. १८९७ चा त्यांचा गाजलेला मथळा होता 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' तोही प्रश्नच, पण थेट राज्यकर्त्यांना. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. बाजू असण्याला माझा विरोधच नाही. सत्तेची बाजू घेऊन वर स्वतःला निःपक्ष म्हणवणं मला खटकतं.

कृष्णाकाठ:
मथळ्याचा मुद्दा मान्य. बहिष्काराचं काय?

शरयू:
चुकला. माणूस पाठवून, खुर्चीत बसून, तिथेच उलट प्रश्न विचारायला हवा होता. आणि अटकेच्या वेळी मी गप्प बसले, हेही खरं आहे. तेव्हा बोलायला हवं होतं.